तपकिरी पट्ट्याचे नऊ डिसेंबर

ओलारिया वस्तीतल्या बेकरीच्या माडीवर दुर्वाल वस्तादांची जिउ-जित्सूची तालीम आहे आणि तिच्या बरोबर खाली, बेकरीच्या मागच्या दोन खोल्यांत लिंदाल्वा राहते. एकोणीस वर्षांपूर्वी ती तालमीचा जिना पहिल्यांदा चढली ती भांडायला. शाळेत साडेतीनशे पोरांचा भात आणि राजमा रांधून ती घरी यायची, पाय जरा वर करायची, की छतावर धाड धाड सुरू. एका संध्याकाळी छताचा पोपडा सुटून थेट तिच्या राजम्याच्या भांड्यात पडला. ती पळी हातात घेऊनच वर गेली.

वस्ताद तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. त्यांनी तिचे सगळे ऐकून घेतले.

"राग नेमका कोणावर आहे, दोना?" शेवटी त्यांनी विचारले. मोठ्या बाईला इथे आदराने दोना म्हणतात.

"तुमच्यावर! आणखी कोणावर?"

"मग ती पळी ठेवा खाली आणि माझी कॉलर धरा."

लिंदाल्वाने धरली. वीस वर्षे पातेली उचलून झालेल्या त्या मुठी. वस्तादांनी दहा मिनिटे खटपट केली, तेव्हा कुठे त्यांची कॉलर सुटली. सगळी तालीम सराव सोडून बघत उभी होती. वस्ताद मान चोळत म्हणाले, "असल्या मुठी असून तुम्ही खाली बसून छताला शिव्या देता, म्हणजे कमाल आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी सरावाचा एक जुना किमोनो खाली पाठवला. लिंदाल्वाने तो परत करायचा म्हणून धुतला, त्याला इस्त्री केली आणि अंगात घालूनच वर गेली.

तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती. आज बावन्न आहे. पांढऱ्या पट्ट्यावरून निळा, निळ्यावरून जांभळा, जांभळ्यावरून तपकिरी, असे तिने दहा वर्षांत गाठले. त्यानंतरची नऊ वर्षे मात्र तपकिरीच. तपकिरीवरून काळ्यावर जायला लोकांना दोन-तीन वर्षे पुरतात, फार तर चार. नऊ वर्षे कोणी ऐकलीसुद्धा नसतील.

आता कोणी म्हणेल, बाई कच्ची असेल. तसे म्हणणाऱ्याने एकदा तिच्या हाती कॉलर द्यावी. गोष्ट एवढीच, की आमच्याकडे पट्टे डिसेंबरात बांधतात आणि पट्टा कोणी मागत नाही. मागितला की संपले. मग तो दिला तरी त्याला किंमत नाही. पाहुण्याने ताट वाजवून वाढा म्हणावे, तसला तो प्रकार. वस्ताद बघत असतात, त्यांना वाटले की बांधतात. लिंदाल्वाच्या तपकिरी पट्ट्याच्या पहिल्या डिसेंबरात तिची आई वारली आणि ती गावी, पाराइबाला गेली. दुसऱ्या डिसेंबरात वस्तादांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. तिसऱ्यात ते तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या वर्षी, दोना. तयारीत राहा." आणि पुढच्या वर्षी, रांगेत तिच्यासमोर उभे राहून, तिच्या कमरेकडे बघत त्यांनी विचारले, "तुमचा पट्टा कोणता म्हणालात?"

तेव्हा सगळे हसले. वस्तादही हसले. लिंदाल्वा घरी जाऊन राजमा निवडत बसली आणि तो निवडून झाल्यावर पुन्हा निवडत बसली. तिला कळले होते. त्यानंतर सगळ्यांनाच कळले. वस्ताद आधी नावे विसरले, मग घराचा रस्ता, मग बायको वारली आहे हे. आता ते मुलीकडे, रोझिलेनीकडे असतात.

तालीम जिल्सन चालवतो. चांगला माणूस आहे, बसचा ड्रायव्हर, पण त्याच्या काळ्या पट्ट्यावर एकच रेघ आहे आणि दोन रेघा असल्याशिवाय दुसऱ्याला काळा बांधता येत नाही. "दोन वर्षं थांबा, दोना," तो तिला म्हणाला होता. "माझी दुसरी रेघ आली की पहिली तुम्हीच."

"जिल्सन, तू पांढरा पट्टा लावून आलास तेव्हा तुला पडायला कोणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मग गप बस."

दुसऱ्या तालमीत गेली असती तर सहा महिन्यांत तिचे काम झाले असते. लोक बोलवायलाही आले होते. पण तालीम बदलणाऱ्याला इथे फितूर म्हणतात, आणि तो शिक्का मेल्यावरच पुसतो. तसेही लिंदाल्वाला नुसता काळा पट्टा नको होता. तिला तो वस्तादांच्या हातचा हवा होता. हे तिने कोणाला कधी सांगितले नाही. सांगितले असते तर ते मागण्यासारखेच झाले असते ना.

आणि मग यंदा, मार्चमध्ये, वाळवी येणार म्हणून बातमी आली. त्याचे खरे नाव एव्हराल्दो, पण त्या नावाने त्याला फक्त विमानतळावरचे लोक ओळखत असतील. समोरच्याचा बचाव कुरतडत कुरतडत पोकळ करतो, म्हणून वस्तादांनीच त्याला हे नाव दिले होते. याच माडीवर तो वाढला. आता अमेरिकेत असतो, चार वेळा जगज्जेता झाला आहे, आणि त्याच्या सेमिनारला लोक दोन-दोन देश ओलांडून येतात. तो म्हणाला होता, जुन्या तालमीत एक शनिवार घेतो.

जिल्सनने सगळ्यांना फोनवर सूचना पाठवल्या. बसच्या थांब्यांची नावे पुकारावीत तशा आवाजात. नखे कापून या. किमोनो धुतलेला हवा. काल धुतलेला, मागच्या आठवड्यात नव्हे. तो डाव दाखवत असताना फोन काढू नका. "पण समोरच्याने असं केलं तर?" हा प्रश्न एकाने एकदाच विचारायचा. त्याच्याशी कुस्ती करायला मिळाली तर जिंकायला जाऊ नका, तुम्ही जिंकणार नाही आणि तुमचा खांदा जाईल. आणि शेवटी, जरा थांबून: पट्ट्याचा विषय कोणीही काढू नये.

शेवटची सूचना कोणासाठी होती हे कळायला फार डोके लागत नव्हते. लिंदाल्वाने ती ऐकली, फोन पालथा ठेवला आणि मक्याच्या पिठाचे दोन केक भट्टीत सरकवले.

सेमिनार नऊला होता. नऊला जिल्सन आणि केक हजर होते. साडेनऊपर्यंत माडी भरली. दहा वाजता पाय ठेवायला जागा उरली नाही. बांगूपासून निटेरॉयपर्यंतचे लोक आले होते, खिडक्यांच्या काचांवर वाफ धरली होती. वाळवी वीस मिनिटांनी उगवला. जिन्यापासून मॅटपर्यंत यायला त्याला आणखी अर्धा तास लागला, कारण प्रत्येकाला मिठी मारायची होती आणि प्रत्येकाबरोबर फोटो काढायचा होता. कान दोन्ही बाजूंनी चुरगळलेले, केस पिकायला लागलेले, हसणे मात्र तेच पूर्वीचे, सगळे दात दाखवणारे.

लिंदाल्वाला बघून तो थबकला. त्याने तिला हाताला धरून पाण्याच्या फिल्टरपाशी नेले.

"दोना, अजून तपकिरी?"

"रंग पक्का आहे."

"चेष्टा नको. जिल्सननं सांगितलंय मला सगळं. काळा पट्टा घेऊन आलोय बॅगेत, तुमचं नाव शिवून. आज शेवटी मी बांधतो."

लिंदाल्वाने ग्लास भरला. 

"तू माझा वस्ताद नाहीस, वाळवी."

"मग कोण बांधणार?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "दोना, काल मी त्यांना भेटून आलो. तासभर बसलो पायाशी. जाताना म्हणाले, गॅसचं सिलिंडर मागच्या दारानं ठेव."

"त्यांना मीही ओळखू येत नाही. मला काय नवीन आहे ते? पण त्यांना इथे घेऊन या. पट्टा त्यांच्या हातात द्या. गाठ मारता येते त्यांना, रोझिलेनीच्या एप्रनला मारतात रोज. तेवढं पुरे आहे मला."

 वाळवीने खिशातून फोन काढला आणि रोझिलेनीला लावला.

सेमिनार सुरू झाला. प्रसिद्ध माणसाच्या सेमिनारला काय होते, हे न गेलेल्यांना वाटते त्यापेक्षा फार साधे असते. तो तीन डाव दाखवतो. पहिला आपल्याला येत असतो, फक्त आपण तो आजवर चुकीचा करत होतो हे कळते. दुसरा समजतो आणि जिना उतरेपर्यंत विसरतो. तिसरा कोणालाच समजत नाही, पण सगळे माना डोलावतात. लिंदाल्वाच्या वाट्याला बांगूचा एक पोलीस आला, एकशे दहा किलोंचा. "बाईमाणूस आहे, हळूच करतो हं," म्हणाला. दोन मिनिटांत तो मॅटवर थापा मारत होता, सोडा म्हणून. त्यानंतर त्याने तिला दोना म्हणायला सुरुवात केली.

तिचे लक्ष मात्र दाराकडे होते.

बाराला रोझिलेनी वस्तादांना घेऊन आली. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात मुलीचा हात. वस्ताद मॅटच्या कडेला आले, सपाता काढून नीट जोडून ठेवल्या आणि वाकून नमस्कार करून आत पाऊल टाकले. सांगावे लागले नाही. माडीवर शंभर माणसे होती, ती सगळी कडेला सरकली. वाळवीने त्यांना खुर्ची दिली. ते बसले आणि लोकांकडे कौतुकाने बघू लागले, लग्नाला आलेल्या माणसाने बघावे तसे.

रांग लागली. काळे पट्टे उजवीकडे, मग तपकिरी, पांढरे अगदी डावीकडे. वाळवी चार शब्द बोलला, त्यातले दोन रडण्यात गेले. मग त्याने बॅगेतून काळा पट्टा काढला.

"दोना लिंदाल्वा, पुढे या."

ती पुढे आली. रीतीप्रमाणे तिने तपकिरी पट्टा सोडला, घडी करून पायाशी ठेवला. किमोनो मोकळा, कंबर रिकामी. वाळवीने नवा पट्टा दोन्ही हातांवर धरून वस्तादांपुढे केला. "वस्ताद, हा तुम्ही बांधायचा."

दुर्वाल वस्तादांनी पट्टा हातात घेतला. बोटांनी चाचपला. आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की पुढच्या रांगेतल्या जिल्सनने डोळे पुसले.

"सापडला!" ते म्हणाले. "रोझिलेनी, सापडला बघ! कुठे होता?"

आणि त्यांनी तो स्वतःच्या कमरेला बांधला. शर्टावरून, दोन वेढे, घट्ट गाठ.

वस्तादांचा स्वतःचा पट्टा रोझिलेनीने सहा महिन्यांपूर्वी लपवला होता. तो बांधून ते तालमीला जायला दोनदा बसथांब्यावर जाऊन उभे राहिले होते. तेव्हापासून ते रोज घरातले कप्पे उपसत होते. आता रोझिलेनी धावत आली. "पपा, तो तुमचा नाही, तो दोनाचा आहे, द्या इकडे..."

"राहू दे," लिंदाल्वा म्हणाली.

"अहो पण..."

"राहू दे म्हटलं ना. किती खुश झालेत बघ."

हे ती म्हणाली खरी, पण तिच्या आत काय झाले ते तिलाच माहीत. नऊ वर्षे थांबून हातभर अंतरावर आलेला पट्टा. तिला वाटले, आता खाली वाकावे, आपला तपकिरी उचलावा आणि जिना उतरून घरी जावे. वाळवी स्वतःच्या कमरेचा पट्टा सोडायला लागला होता, तिला द्यायला. तिने त्याला डोळ्यांनीच दटावले.

पट्टा बांधल्यावर वस्ताद बदलले. पाठ सरळ झाली. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली आणि ती समोरच्या, बिनपट्ट्याच्या बाईवर थांबली.

"तू नवीन आहेस?"

 "हो," ती म्हणाली.

"वय झालंय की तुझं. घाबरू नको, पोरी. ये, बस समोर."

ते मॅटवर गुडघ्यांवर बसले. जिल्सन पुढे झाला, त्याला त्यांनी हातानेच बाजूला केले. लिंदाल्वा त्यांच्यापुढे बसली. "धर कॉलर," ते म्हणाले. तिने शर्टाची कॉलर धरली, आणि थांबली. काहीच केले नाही. वस्तादही थांबले. समोरच्याला धरायचे आणि त्याचा धीर सुटेपर्यंत नुसते श्वास मोजायचे, ही वस्तादांची पद्धत. ती इतरांना जमली नाही, कारण इतरांना घाई असते. दोघे गुडघ्याला गुडघा लावून बसली होती आणि कोणीच हलत नव्हते. शंभर माणसांना काय चालले आहे ते कळेना.

मग वस्तादांनी खांदा किंचित झुकवला. लिंदाल्वाची मूठ तितकीच आत सरकली. त्यांनी मनगट वळवले, तिने कोपर मिटले. त्यांनी पुन्हा वळवले, तिने पुन्हा मिटले. हळू, अगदी हळू. एकाएकी म्हातारा खदखदून हसला.

"खोटारडी! नवीन म्हणे! कोणाची चेली तू?"

"माझ्या वस्तादांची."

"थांबायला त्यानं शिकवलं?"

"हो."

"पट्टा कुठला तुझा?"

लिंदाल्वाने मागे पडलेली घडी दाखवली. "तपकिरी."

"किती वर्षं?"

"नऊ."

वस्तादांनी तिची मूठ कॉलरवरून सोडवली आणि हातात धरून ठेवली. त्यांचा चेहरा लाल झाला. "नऊ? अशा हाताला नऊ वर्षं? गाढव आहे का तो? कुठे झोपलाय?"

"त्यांना जरा... अडचण होती."

"कसली अडचण! गाठ मारायला किती वेळ लागतो? आणि तू? तू का नाही सोडून गेलीस?"

"मला त्यांच्याच हातचा हवा होता."

हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा कोणासमोर उच्चारले. मागणेच होते ते. तिच्या डोळ्यांतून पाणी आले आणि तिने ते पुसलेही नाही, कारण एक हात वस्तादांनी धरला होता आणि दुसरा तिला आठवला नाही.

 "दुसऱ्याच्या शिष्याला पट्टा बांधू नये," वस्ताद म्हणाले. "मी कधी बांधला नाही. चोरी आहे ती. लोक तोंडावर थुंकतील माझ्या." मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "थुंकू देत. ऊठ, पोरी."

त्यांनी स्वतःच्या कमरेची गाठ सोडली. बोटे सोडताना एकदाही चुकली नाहीत. पट्टा लिंदाल्वाच्या कमरेमागून घेतला, पुढे आणला, दुसरा वेढा दिला. त्यांचे डोके तिच्या खांद्याशी होते. रोझिलेनी तोंडावर हात दाबून उभी होती आणि वाळवी, चार वेळचा जगज्जेता, मॅटवर फतकल मारून लहान पोरासारखा रडत होता.

"तो भांडायला आला, तर माझ्याकडे पाठव," वस्ताद म्हणाले. "मी बघतो त्याच्याकडे. नाव काय त्याचं?"

लिंदाल्वाने नाव सांगितले.

"दुर्वाल."

वस्ताद थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. हातातली दोन्ही टोके तशीच धरून त्यांनी मनापासून आठवून पाहिले.

"नाही," ते म्हणाले. "नाही ओळखत." आणि त्यांनी गाठ आवळली, टोके ओढून सारखी केली. "पण भेटला की सांग त्याला. म्हणावं, उशीर केलास, पण बाईला मन लावून शिकवलंस."

"सांगितलं, वस्ताद," लिंदाल्वा म्हणाली.